तळ्याकाठचा थोरो

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स हे राज्य आहे. त्या राज्यातील बॉस्टन या मोठ्या बंदरापासून सुमारे वीस मैलांवर काँकर्ड नावाचे एक लहानसे, टुमदार गाव आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकी १७७५ साली ज्या दोन गावांत झडल्या, त्यांपैकी हे एक. या गावापाशी दोन नद्यांचा संगम होतो आणि तेथून काँकर्ड नदी संथपणे उत्तरेकडे वाहत जाते. गावाच्या भोवती टेकड्या, दलदलीची कुरणे, ओक व पाइन वृक्षांची राने आणि लहानमोठी तळी आहेत. त्यांपैकी वॉल्डन नावाच्या तळ्याचे नाव आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. एवढी कीर्ती त्या तळ्याला ज्याच्यामुळे लाभली, त्या हेन्री डेव्हिड थोरो याचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी याच गावी झाला.

थोरोचे वडील शिसपेन्सिली तयार करीत. घरची स्थिती बेताचीच होती. आई मोठी कर्तबगार होती. ती घरी भाडोत्री पाहुणे ठेवून संसाराला हातभार लावी. हेलन, जॉन, हेन्री व सोफिया अशी ही चार भावंडे. आईला रानात फिरण्याची हौस असे आणि सुटीच्या दिवशी ती मुलांना घेऊन नदीकाठी वा टेकडीवर जाई. तेथे चूल मांडून सर्वांचे जेवण होई. पक्ष्यांचे आवाज ओळखणे, फुलांची नावे विचारणे, झाडावर चढून घरटी न्याहाळणे, या गोष्टींचे वेड हेन्रीला तेव्हापासून लागले. वॉल्डन तळे त्याने प्रथम पाहिले, ते अगदी लहानपणी. ते दृश्य त्याच्या मनात कायमचे ठसून राहिले.

घरच्यांनी काटकसर करून हेन्रीला हार्वर्ड या प्रसिद्ध विद्यापीठात शिकावयास धाडले. १८३७ साली तो पदवीधर होऊन गावी परतला आणि तेथील सार्वजनिक शाळेत शिक्षक झाला. त्या काळी छडीवाचून विद्या येत नाही, अशी सर्वत्र समजूत होती. थोरो मात्र मुलांना मारीत नसे. शाळेच्या समितीतील एका सभासदाने त्याला याबद्दल जाब विचारला आणि शिक्षा केलीच पाहिजे, असे बजावले. तेव्हा थोरोने त्या दिवशी काही मुलांना छडी मारली खरी. पण निरपराध मुलांना मारल्याचे त्याच्या मनाला इतके लागले की, त्याने त्या नोकरीचा राजीनामा दिला. नोकरी लागून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या वर्षी देशात व्यापार मंदावला होता आणि नोकऱ्या दुर्मीळ झाल्या होत्या. तरीही मनाला न पटणारे काम पगारासाठी करावयाचे नाही, हा निश्चय त्याने विसाव्या वर्षी केला.

पुढल्या वर्षी त्याने व थोरला भाऊ जॉन याने मिळून स्वतःची शाळा चालविली. या शाळेत छडी नव्हती. मधली सुटी मोठी असे. आठवड्यातून एकदा सारी शाळा रानात किंवा नदीवर जाई. मुले होडी वल्हवीत, वनस्पती गोळा करीत आणि जमीन कशी मोजावी हेही शिकत. १८३९ साली या दोघा भावांनी स्वतःच्या हातांनी एक होडी बांधली आणि काँकर्ड व मेरिमॅक या नद्यांतून सुमारे दोन आठवडे प्रवास केला. दोघांचा एकमेकांवर अतिशय जीव होता. जॉन हसतमुख व बोलका, तर हेन्री अबोल व एकमार्गी.

परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. जॉनची प्रकृती खालावल्यामुळे १८४१ साली शाळा बंद करावी लागली. १८४२ च्या जानेवारीत जॉनच्या बोटाला वस्तऱ्याने लहानशी जखम झाली. त्या जखमेतून त्याला धनुर्वात झाला आणि थोड्याच दिवसांत हेन्रीच्या बाहूंतच त्याने प्राण सोडला. हेन्रीला एवढा धक्का बसला की, धनुर्वाताचा स्पर्शही झाला नसताना त्याच्या शरीरावर तीच लक्षणे दिसू लागली. तो पुढे बरा झाला. पण भावाची आठवण त्याला जन्मभर व्याकूळ करीत राहिली. भावाबरोबर केलेल्या त्या नदीप्रवासावर एक पुस्तक लिहावे, असे त्याने मनाशी ठरविले. त्यासाठी निवांत जागा हवी होती.

राल्फ वॉल्डो एमर्सन हा अमेरिकेतील थोर विचारवंत त्या काळी काँकर्डमध्ये राहत असे. तो थोरोहून चौदा वर्षांनी मोठा होता आणि या तरुणावर त्याचे फार प्रेम होते. थोरो काही काळ त्याच्याच घरी राहून बागकाम, सुतारकाम व इतर घरकाम करीत असे. एमर्सनचा ग्रंथसंग्रह त्याला मोकळा होता. तेथेच त्याला भारतीय धर्मग्रंथांची इंग्रजी भाषांतरे वाचावयास मिळाली.

१८४४ च्या एप्रिल महिन्यात थोरोच्या हातून एक मोठी चूक घडली. एका मित्रासह तो नदीवर मासे धरावयास गेला होता. काठावर मासे भाजण्यासाठी त्यांनी विस्तव पेटविला. पाऊस बरेच दिवस पडला नव्हता आणि गवत वाळून कोळ झाले होते. ठिणगी उडाली, गवत पेटले आणि पाहता पाहता आग टेकडीवर चढली. थोरो मदतीसाठी धापा टाकीत धावला. गावकऱ्यांनी येऊन आग विझविली. पण तोवर शंभरांहून अधिक एकर रान जळून गेले होते. रान जाळणारा म्हणून कित्येक गावकरी पुढे अनेक वर्षे त्याला हिणवीत. झाडांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावे, याचे शल्य त्याला किती वर्षे टोचत असेल, याची कल्पना त्याच्या रोजनिशीवरून येते. घटनेनंतर सहा वर्षांनी त्याने तीत या आगीची सविस्तर हकिकत लिहून ठेवली.

त्याच वर्षी एमर्सनने वॉल्डन तळ्याच्या काठी थोडी जमीन विकत घेतली. तळे गावापासून सुमारे दीड मैलावर होते. १८४५ च्या मार्च महिन्यात थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन तेथे गेला आणि कोवळे पाइन वृक्ष तोडून त्यांचे वासे तासू लागला. लोहमार्गावर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने फळ्यांसाठी सव्वाचार डॉलरना विकत घेतली. तिच्या फळ्या सुट्या करून त्याने त्या उन्हात वाळविल्या. कुऱ्हाड परत करताना ती घेतली होती त्याहून अधिक धारदार होती, असे त्याने मोठ्या अभिमानाने नमूद केले आहे. पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली त्याने उभी केली. तिला दोन्ही बाजूंस एकेक खिडकी, एका टोकाला दार व दुसऱ्या टोकाला विटांची शेगडी होती. एकंदर खर्च आला २८ डॉलर व साडेबारा सेंट. हा हिशोब त्याने खिळे, चुना व काच यांसह पै-पैने मांडून ठेवला आहे. ४ जुलै १८४५ या दिवशी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो त्या घरात राहावयास गेला.

हा खटाटोप त्याने कशासाठी केला? भोवतालचे शेतकरी मोठ्या घरासाठी कर्ज काढीत आणि ते फेडण्यासाठी जन्मभर राबत, हे थोरो पाहत होता. माणसाला जगण्यासाठी खरोखर किती वस्तू लागतात, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने ठरवावयाचे होते. त्याच्या खोलीत एक खाट, एक मेज, लिहिण्याचे एक बाक, तीन खुर्च्या व थोडी भांडी एवढेच सामान होते. मेजावर शोभेसाठी ठेवलेल्या दगडांवरील धूळ रोज पुसावी लागते असे दिसताच त्याने ते दगड खिडकीबाहेर फेकून दिले. घराजवळच्या अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा पेरला. खुरपणी तो स्वतः करी. वर्षाअखेर सर्व खर्च वजा जाता शेतीत त्याला ८ डॉलर व साडेएकाहत्तर सेंट उरले. वर्षातून सुमारे सहा आठवडे मजुरी केली की आपल्या साऱ्या गरजा भागतात, असा त्याचा हिशोब निघाला. उरलेला वेळ वाचन, लेखन व निरीक्षण यांसाठी मोकळा राहिला.

थोरो रानात राहावयास गेला, म्हणून तो माणसांना कंटाळला होता, असे नव्हे. तो एकदोन दिवसांनी गावात जाई, आईवडिलांना भेटे आणि त्यांच्याकडे जेवीही. त्याच्या खोलीत मित्र येत, लाकूडतोडे येत, मासे धरणारे येत. गावातील मुलांची तर त्याच्याशी विशेष गट्टी होती. हकलबेरी नावाची, आपल्याकडील करवंदांसारखी, काळसर रानफळे कोठे मिळतात हे त्याच्याएवढे कोणालाच माहीत नसे. लुइझा मे आल्कॉट या पुढे प्रसिद्ध झालेल्या लेखिकेनेही बालपणी त्याच्याबरोबर रानात भटकंती केली होती.

तळ्याकाठचे प्राणी त्याचे शेजारी झाले. घराखाली एक रानउंदीर राही. थोडक्याच दिवसांत तो एवढा धीट झाला की, थोरोच्या बाहीवरून चढून हातातील चीज खाई आणि मग माशीप्रमाणे पंजांनी तोंड पुसून निघून जाई. खारी छपरावरून धावत. हिवाळ्यात ससे दारापाशी येऊन बटाट्याच्या साली खात. रात्री दूर रानातून घुबडांचा घूत्कार ऐकू येई. एकदा लाकडाच्या ढिगापाशी तांबड्या व काळ्या मुंग्यांचे घनघोर युद्ध जुंपलेले त्याला दिसले. झुंजणाऱ्या तीन मुंग्या ज्या ढलपीवर होत्या, ती ढलपीच त्याने घरात आणली आणि पेल्याखाली ठेवून भिंगातून त्यांची झुंज पाहिली.

शरद ऋतूत तळ्यावर लून नावाचा पाणपक्षी येई. हा पक्षी बुडी मारण्यात मोठा तरबेज असतो. एके दिवशी थोरोने होडीतून त्याचा पाठलाग केला. पक्षी एका ठिकाणी बुडी घेई आणि भलतीकडेच वर येऊन वेड्यासारखा हसल्याचा आवाज काढी. तो कोठे वर येईल याचा थोरो अंदाज बांधी आणि तो अंदाज बहुतेक वेळा चुके. सोंगट्यांच्या खेळात दोन गडी एकमेकांवर डाव टाकतात, तसा हा खेळ बराच वेळ चालला. शेवटी वारा सुटला, पाऊस आला आणि थोरोने हार मानली. लहानपणी तो बंदूक वापरीत असे. पण पुढे ती त्याने टाकून दिली. पक्ष्याचा अभ्यास करण्यासाठी त्याला मारण्याची गरज नाही, जवळ जाऊन स्तब्ध बसण्याची गरज आहे, असे त्याचे मत झाले होते.

वॉल्डन तळे अथांग आहे, त्याला तळच नाही, अशी गावात पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. कोणी मोजून मात्र पाहिले नव्हते. १८४६ च्या आरंभी तळे गोठले असताना थोरोने होकायंत्र, साखळी व दोरी घेऊन त्याची मोजणी केली. बर्फाला भोके पाडून मासे धरण्याच्या दोरीला बांधलेला दीड रत्तलाचा दगड तो खाली सोडी. दगड तळावरून उचलताच दोरी जड लागे आणि तळ नेमका कळे. अशी शंभरांहून अधिक मापे घेऊन त्याने तळ्याचा नकाशा तयार केला. सर्वांत खोल जागी पाणी १०२ फूट भरले. पुढील काळात आधुनिक साधनांनी केलेली मोजणीही याच आकड्याच्या अगदी जवळ आली. एवढ्या लहान तळ्याला ही खोली मोठीच. हजारो वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड थर होते. ते मागे हटताना बर्फाचा एक अजस्र खंड वाळूगोट्यांत गाडला गेला आणि तो वितळून तेथे खोल खळगा राहिला. त्या खळग्यात भूमिगत पाणी साठून हे तळे झाले, असे भूशास्त्रज्ञ सांगतात.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात तळ्यावर सुमारे शंभर मजूर आले. त्यांनी करवती व नांगरासारखी अवजारे चालवून बर्फाच्या लाद्या कापल्या आणि काठावर त्यांची उंच रास रचली. त्या काळी बर्फ तयार करणारी यंत्रे नव्हती. बॉस्टनचे व्यापारी तळ्यांवरील बर्फ भुशात गुंडाळून जहाजांनी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे पाठवीत. मुंबईत तो साठविण्यासाठी खास बर्फघर बांधलेले होते. थोरो सकाळी भगवद्गीतेचे भाषांतर वाचीत असे. गीता ज्या देशात जन्मली त्या देशातील माणसे आपल्याच तळ्याचे पाणी पिणार, वॉल्डनचे जल गंगेच्या जलाशी जणू मिसळणार, या कल्पनेने त्याला मोठा आनंद झाला. प्रत्यक्षात त्या राशीतील बराचसा बर्फ कोठेच गेला नाही. तो हळूहळू वितळला आणि बहुतांश पाणी तळ्यालाच परत मिळाले.

वॉल्डनकाठी राहत असतानाच त्याच्या आयुष्यातील एक प्रसिद्ध प्रसंग घडला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत निग्रो लोकांना गुलाम म्हणून विकत घेण्याची दुष्ट चाल होती. १८४६ साली अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध सुरू केले. या युद्धामुळे गुलामगिरीचा प्रदेश आणखी वाढेल, असे अनेकांना वाटत होते. जे सरकार अशा गोष्टी करते, त्याला आपला पैसा द्यावयाचा नाही, या विचाराने थोरोने काही वर्षे डोईपट्टी भरली नव्हती. जुलै महिन्यात एका संध्याकाळी तो चांभाराकडे दिलेला जोडा आणावयास गावात गेला. तेथे त्याच्या ओळखीच्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याला अडविले. त्याने थोरोची बाकी स्वतः भरण्याचीही तयारी दाखविली. परंतु पैशाची अडचण नसून तत्त्वाचा प्रश्न आहे, असे थोरोने सांगितले आणि तो शांतपणे तुरुंगात गेला. त्याच रात्री कोणीतरी, बहुधा त्याच्या आत्याने, परस्पर रक्कम भरून टाकली. सकाळी सुटका झाली, तेव्हा थोरो उलट नाराज झाला. मग त्याने तो जोडा घेतला आणि त्याची वाट पाहत असलेल्या मंडळीबरोबर तो हकलबेरी वेचावयास टेकडीवर निघून गेला.

अन्यायी कायद्यापुढे सज्जनाने काय करावे, या प्रश्नावर त्याने पुढे एक निबंध लिहिला. तो १८४९ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परंतु दक्षिण आफ्रिकेत भारतीयांचा लढा चालू असताना महात्मा गांधींच्या हाती तो निबंध आला. सत्याग्रहाचा मार्ग त्यांनी आधीच स्वीकारला होता. या निबंधात त्यांना आपल्या विचाराला दुजोरा मिळाला. १९०७ साली त्यांनी आपल्या इंडियन ओपिनियन या पत्रातून त्याचा परिचय वाचकांना करून दिला. अमेरिकेतील निग्रो लोकांच्या हक्कांसाठी झगडणारा मार्टिन ल्यूथर किंग यानेही विद्यार्थिदशेत हा निबंध पुनःपुन्हा वाचला होता.

दोन वर्षे, दोन महिने व दोन दिवस राहून ६ सप्टेंबर १८४७ रोजी थोरोने ते घर सोडले. भावाच्या स्मृतीचे पुस्तक तेथे लिहून झाले होते. ते १८४९ साली छापले गेले. पण ते खपले नाही. छापलेल्या १००० प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने १८५३ साली त्याच्या घरी परत पाठविल्या. थोरोने त्या स्वतः पाठीवर वाहून माळ्यावर नेल्या. आता आपला ग्रंथसंग्रह सुमारे नऊशे पुस्तकांचा झाला असून त्यांतली सातशेंहून अधिक आपणच लिहिलेली आहेत, अशी त्याने स्वतःचीच थट्टा केली आणि त्याच संध्याकाळी पुन्हा लेखणी हाती धरली. छपाईचे कर्ज त्याने पेन्सिली बनवून व जमिनी मोजून फेडले. वॉल्डनवरचे पुस्तक त्याने पुनःपुन्हा लिहिले. त्याचे सात खर्डे झाले आणि अखेर ऑगस्ट १८५४ मध्ये ते बाहेर पडले. आज जगातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली आहेत.

उपजीविकेसाठी थोरो मोजणीदाराचे काम करी. वडिलांच्या धंद्यातही त्याने मोठी सुधारणा केली. ग्रॅफाइटची पूड अधिक बारीक दळून ती चिकणमातीत मिसळण्याची रीत त्याने बसविली. त्यामुळे थोरोंच्या पेन्सिली अमेरिकेतील उत्तम पेन्सिली म्हणून नावाजल्या. परंतु दिवसातले चार तास तरी फिरावयाचे, हा त्याचा नेम असे. त्याच्या काठीवर इंचांच्या खुणा कोरलेल्या होत्या. तिने तो बर्फाची जाडी वा झाडाचा घेर मोजी. वनस्पती दाबून ठेवण्यासाठी काखेत गाण्याची एक जुनी वही असे आणि नाजूक फुले तो टोपीत ठेवी. ठरलेल्या वाटेने जाण्यापेक्षा दलदलीतून, कुंपणे ओलांडून, कधी ओढ्याच्या पात्रातूनच तो चाले. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, कोणता पक्षी केव्हा परतला, तळ्यावरचा बर्फ कधी फुटला, हे घरी येऊन तो रोजनिशीत टिपून ठेवी. १८३७ साली सुरू केलेली ही रोजनिशी त्याने चोवीस वर्षे लिहिली.

दूरच्या देशांची ओढ त्यालाही होती. पण भारत त्याला भेटला तो पुस्तकांतूनच. १८५५ साली एका इंग्रज मित्राने त्याला भारतीय तत्त्वज्ञान व साहित्य यांवरील ४४ ग्रंथ भेट म्हणून धाडले. ते येणार असे कळताच नदीतून वाहून आलेल्या फळ्यांची एक मांडणी त्याने त्यांच्यासाठी स्वतः तयार केली.

याच वर्षांत एक गोष्ट त्याला सलत होती. काँकर्डची राने झपाट्याने तोडली जात होती. वॉल्डनच्या काठावरही कुऱ्हाडी चालू झाल्या. ज्या रानांची तो मोजणी करी, त्यांतली कित्येक पुढे तोडलीही जात. तोडलेले रान पुन्हा कसे उगवते, याचा त्याने कसून अभ्यास केला. पाइनचे रान तोडले की तेथे ओक उगवतात आणि ओकच्या जागी पाइन येतात, हे शेतकऱ्यांना माहीत होते. पण असे का होते, ते त्यांना सांगता येत नसे. खारी व पक्षी ओकची फळे दूर नेऊन पुरतात आणि पाइनचे बी वाऱ्याने उडत जाते, हे थोरोने निरीक्षणाने दाखवून दिले. १८६० च्या सप्टेंबरात शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्याने या विषयावर व्याख्यान दिले. आदल्याच वर्षी त्याने वॉल्डनकाठच्या आपल्या जुन्या घेवड्याच्या शेतात पाइनची सुमारे ४०० रोपे लावली होती. तसेच, प्रत्येक गावाने पाचशे-हजार एकरांचे एक रान सर्वांच्या मालकीचे म्हणून राखावे आणि तेथील एक फांदीही जळणासाठी तोडू नये, अशी सूचना त्याने रोजनिशीत लिहून ठेवली. आपल्याकडे गावोगाव देवराया राखण्याची चाल आहे, तिच्याशी या सूचनेचे मोठे साम्य दिसते.

गुलामगिरीविरुद्धचा त्याचा लढाही चालूच होता. पळून आलेल्या गुलामांना थोरोंच्या घरी आसरा मिळे. थोरो त्यांची तिकिटे काढून देई आणि त्यांना कॅनडाकडे जाणाऱ्या गाडीत बसवी. गुलामांना पळवून लावण्यास मदत करणाऱ्याला त्या वेळच्या कायद्याने कैद व दंड होत असे. पण त्याने त्याची पर्वा केली नाही.

१८६० च्या डिसेंबरात थंडीवाऱ्यात झाडांच्या खोडांवरील वर्षांची वलये मोजीत असता त्याला सर्दी झाली. जुना क्षय उचल खाऊन उठला. हवापालटासाठी केलेल्या प्रवासाचाही उपयोग झाला नाही. अखेरच्या महिन्यांत हात चालेना, तेव्हा बहीण सोफिया हिला सांगून त्याने आपले निबंध लिहवून घेतले. तो शांत व समाधानी होता. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्याने देह ठेवला. काँकर्डच्या दफनभूमीत त्याची लहानशी समाधी आहे. दगडावर केवळ हेन्री एवढेच नाव कोरलेले आहे.

थोरोच्या सूचनेला फळ येण्यास साठ वर्षे लागली. १९२२ साली एमर्सनच्या वंशजांनी व इतर मालकांनी वॉल्डनकाठची सुमारे ८० एकर जमीन मॅसॅच्युसेट्स राज्याला लोकांच्या उपयोगासाठी देऊन टाकली. १९४५ साली थोरोच्या घराच्या शेगडीचा पाया उत्खननात सापडला. आज तेथे तळ्याला वळसा घालणारी पायवाट आहे. फिरावयास, पोहावयास व पक्षी पाहावयास तेथे दरवर्षी लाखो माणसे येतात. त्यांच्या पायांनी काठची माती ढासळू नये, म्हणून वाटेच्या कडेने तारा ओढलेल्या आहेत आणि एका वेळी ठराविक संख्येहून अधिक लोकांना आत घेत नाहीत. घर होते त्या जागेपाशी येणाऱ्यांनी ठेवलेल्या दगडांची एक रास साचली आहे.

त्याच्या रोजनिशीचा उपयोग तर कोणाच्या स्वप्नातही आला नसेल असा झाला. बॉस्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तिच्यातील फुले उमलण्याच्या तारखा आपल्या काळातील तारखांशी ताडून पाहिल्या. हवेची उष्णता वाढल्यामुळे काँकर्डमधील वसंतातील फुले आता सरासरी सुमारे एक आठवडा लवकर उमलतात आणि थोरोने पाहिलेल्या वनस्पतींपैकी सुमारे एक चतुर्थांश तेथून नाहीशा झाल्या आहेत, असे त्यांना २००८ साली दिसून आले. दीडशे वर्षांपूर्वी कोणी एक माणूस रोज आपल्या गावाभोवती फिरला आणि दिसले ते तारीखवार टिपून ठेवीत गेला, म्हणून हे कळू शकले. त्याने मोजलेले तळे तेवढेच खोल आहे, त्याचे पाणी अजून निर्मळ आहे आणि शरद ऋतूत कधीकधी लून पक्षीही तेथे उतरतो.